फॉर्म्युला फोरच्या मागे : पुण्याहून चेन्नई आणि कोईमतूर

माझा भाचा तेरा वर्षांचा आहे आणि गेली दोन वर्षे दर रविवारी पुण्याबाहेरच्या कार्टिंग ट्रॅकवर जातो. कार्टनंतरची पायरी म्हणजे फॉर्म्युला फोर ही एकासनी रेसगाडी, आणि त्या गाडीत बसायला आंतरराष्ट्रीय नियमांनुसार किमान पंधरा वर्षे पूर्ण व्हावी लागतात. एवढी माहिती घरात सगळ्यांना तोंडपाठ झाली होती, पण तिकडे नेमके काय चालते हे कोणीच पाहिलेले नव्हते. शेवटी ताई म्हणाली, "तू चाकणला गाड्यांच्याच धंद्यात आहेस ना? मग एकदा याला घेऊन जा आणि खरे काय ते बघून ये." अशा रीतीने २०२४ च्या भारतीय फॉर्म्युला फोर अजिंक्यपदाच्या दोन टप्प्यांना, ऑगस्टअखेर चेन्नईला आणि नोव्हेंबरात कोईमतूरला, मामा-भाचे जाऊन आलो. पुढच्या हंगामांना पुण्याहून निघणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हा वृत्तांत थोडा सविस्तर लिहीत आहे.

ही स्पर्धा २०२३ मध्ये सुरू झाली. सर्वांना सारखीच गाडी मिळते: सांगाडा फ्रान्सच्या मिगालचा, इंजिन अल्पीनचे १.३ लिटरचे टर्बो, गिअर सहा आणि तेही स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांनी बदलायचे. चालकाच्या डोक्याभोवती हेलोची कमान असते. गुण फॉर्म्युला वनसारखेच, पहिल्याला २५, दुसऱ्याला १८, तिसऱ्याला १५ आणि पुढे उतरत दहाव्याला १. फॉर्म्युला वनच्या परवान्यासाठी जे ४० गुण साठवावे लागतात, त्यांतले १२ फॉर्म्युला फोरच्या विजेत्याला मिळतात. भाच्याने हा हिशेब मला पुणे स्टेशनवरच ऐकवला होता.

आम्ही पाहिलेला पहिला टप्पा चेन्नईच्या रस्त्यांवरचा होता. ३१ ऑगस्ट आणि १ सप्टेंबर हे शनिवार-रविवार, सुमारे साडेतीन किलोमीटरचा तात्पुरता ट्रॅक, आणि शर्यती रात्री दिव्यांच्या प्रकाशात. देशात रस्त्यावर रात्रीची शर्यत याआधी झालीच नव्हती. खरे तर ती २०२३ च्या डिसेंबरातच व्हायची होती, पण मिचाँग चक्रीवादळाने चेन्नई पाण्याखाली गेली आणि बेत पुढे ढकलावा लागला. पुण्यातून चेन्नईला मुंबईहून येणाऱ्या गाड्या साधारण वीस तासांत पोचवतात. आम्ही गुरुवारी रात्री निघून शुक्रवारी संध्याकाळी सेंट्रल स्टेशनवर उतरलो. मुक्काम सेंट्रलच्या आसपासच करावा, हा माझा पहिला सल्ला. ट्रॅक आयलंड ग्राउंड्सभोवतीचा असल्याने तिथून पायी जाता येते, आणि शर्यतीच्या दिवशी अण्णा सालै, शिवानंद सालै, नेपियर पूल हा भाग वाहतुकीला बंद असल्यामुळे रिक्षावाला कितीही आत्मविश्वासाने "पोईडलाम् सार" म्हणाला तरी तो तुम्हाला दूरच उतरवणार. आम्ही पहिल्या दिवशी हा अनुभव पैसे मोजून घेतला.

शनिवारी दुपारी पाऊस कोसळला. ट्रॅकच्या सुरक्षेची अंतिम तपासणी आणि मंजुरी यांतही वेळ गेला, आणि दुपारी दिसायला हव्या होत्या त्या गाड्या अंधार पडल्यावर ट्रॅकवर आल्या. तोपर्यंत आम्ही ओल्या खुर्च्यांवर बसून, छत्री आत नेता येत नाही म्हणून डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी धरून, भिंतीपलीकडच्या रिकाम्या रस्त्याकडे पाहत होतो. पावसाळ्यात तमिळनाडूला जाणाऱ्याने रेनकोट न्यावा हे सांगायला नको, पण बसायला एक जुने वर्तमानपत्र आणि पायांत लवकर वाळणारे बूटही असू द्यावेत. रविवारी मात्र सगळे जमून आले. कोचीच्या संघाकडून चालवणारा ऑस्ट्रेलियाचा ह्यू बार्टर जिंकला. दिव्यांखाली, दोन्ही बाजूंच्या काँक्रीटच्या भिंतींमधून गाडी जाते तेव्हा आवाज भिंतीला आपटून दुप्पट होतो. छातीत जाणवणारा तो आवाज घरच्या पडद्यावर कधीच कळत नाही. कानांत घालायचे बोळे विसरू नयेत, विशेषतः मुले बरोबर असतील तर.

एवढे होऊनही माझे प्रामाणिक मत असे आहे की ज्याला या खेळात शिरायचे आहे, किंवा मुलाला घालायचे आहे, त्याने चेन्नईच्या झगमगाटावर समाधान मानू नये. रस्त्यावरच्या ट्रॅकवर प्रेक्षक एका जागी जाळीमागे अडकलेला असतो. त्याच्यासमोरून गाडी दोन सेकंद जाते, उरलेला वेळ मोठ्या पडद्यावर पाहण्यात जातो, आणि गाड्यांची दुरुस्ती, वजने, वाद, रडारड हे सगळे डोळ्यांआड राहते. भाचासुद्धा रविवारी रात्री परतताना म्हणाला, "मामा, मजा आली, पण ती मुले शर्यत नसताना काय करतात ते कुठे दिसले?" त्याच्या या प्रश्नामुळेच कोईमतूरची तिकिटे काढली.

मधले टप्पे आम्ही चुकवले. चेन्नईचा कायमचा ट्रॅक शहराबाहेर श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टैला आहे. त्याची लांबी सुमारे ३.७ किलोमीटर, तो १९९० पासून वापरात आहे आणि मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबच्या मालकीचा आहे. कामानिमित्त मी त्या पट्ट्यात पूर्वी जाऊन आलो आहे. ह्युंदाईचा कारखाना, सुट्या भागांच्या कंपन्या, कंटेनरच्या रांगा, म्हणजे थेट आपले चाकणच. गंमत अशी की वारज्यावरून जाणारा आपला राष्ट्रीय महामार्ग ४८ हाच कोल्हापूर, हुबळी, बंगळूरु करत त्या भागातून पुढे चेन्नईला जातो. मोटारीने जाणाऱ्याला वाट चुकायला वावच नाही, फक्त दोन दिवस आणि दुसरा चालक हाताशी हवा.

आता कोईमतूर. इथे आधी तिकिटाच्या तारखेचा घोळ सांगतो, कारण तो मी स्वतः घातला. लोकमान्य टिळक टर्मिनसहून कोईमतूरला जाणारी रोजची गाडी पुण्यात मध्यरात्र उलटल्यावर येते, तर पुणे–कन्याकुमारी एक्सप्रेस मध्यरात्रीच्या थोडी आधी सुटते. दोन्ही कोईमतूरला जातात आणि दोन्हींसाठी तुम्ही घरातून एकाच रात्री निघता, पण तिकिटावरच्या तारखा वेगळ्या. मी गुरुवारी रात्री निघायचे म्हणून टर्मिनसच्या गाडीचे १४ नोव्हेंबरचे तिकीट काढले, म्हणजे प्रत्यक्षात ती गाडी आदल्याच रात्री निघून जाणार होती. ताईने तिकीट पाहून विचारले म्हणून वाचलो. ते रद्द करून १५ चे काढले आणि शनिवारी १६ तारखेला सकाळी कोईमतूरला उतरलो. शर्यती शनिवार-रविवारच्या होत्या. ज्यांना जमेल त्यांनी एक दिवस आधी पोचावे, शुक्रवारच्या सरावाच्या वेळी गर्दी नसते आणि मेकॅनिक बोलायला मोकळे असतात.

कारी मोटर स्पीडवे स्टेशनपासून सुमारे पंधरा किलोमीटरवर, चेट्टिपाळयमला आहे. नारळाच्या बागा, मधूनच एखादा कारखाना, आणि अचानक डाव्या हाताला फाटक. ट्रॅक २००३ चा, लांबी जेमतेम २.१ किलोमीटर, आणि नाव एस. करिवर्धन यांचे. मारुती ८०० चे इंजिन बसवून एकासनी रेसगाडी भारतातच बनवायची आणि सामान्य मुलाला परवडेल अशा शर्यती घडवायच्या, हे त्यांचे काम. फॉर्म्युला मारुती म्हणतात ती हीच गाडी. १९९५ मध्ये विमान अपघातात ते गेले. भारताचा पहिला फॉर्म्युला वन चालक नारायण कार्तिकेयन, जो २००५ मध्ये जॉर्डन संघाकडून उतरला, तोही कोईमतूरचाच आणि त्याचीही सुरुवात फॉर्म्युला मारुतीतूनच झाली. आजही राष्ट्रीय स्पर्धेतल्या एलजीबी फॉर्म्युला फोर या वेगळ्या, देशी गाड्यांत मारुती सुझुकीचे १.३ लिटरचे इंजिन असते. मिगालच्या गाडीतले अल्पीनचेही १.३ लिटरच, आकडा एकच, पण दोघांची जात अगदी वेगळी. नवख्यांसाठी याच घराण्यातल्या गाड्यांचा नोव्हिस कप असतो, आणि पालकांनी खरी चौकशी करायची ती तिथे, हे मला तिथे गेल्यावर कळले.

ट्रॅक छोटा असण्याचा फायदा असा की स्टँडच्या वरच्या पायरीवर बसले की बरीचशी शर्यत एका नजरेत येते आणि साधारण मिनिटभराने गाड्या पुन्हा समोर असतात. पण आम्ही तिथे फार बसलो नाही. पॅडॉकमध्ये, म्हणजे संघांचे तंबू असतात त्या आवारात, जायची परवानगी मिळते का, हे निघण्यापूर्वीच विचारून ठेवावे. आम्हाला ती मिळाली आणि दोन दिवसांतला सर्वांत मोलाचा वेळ तिथेच गेला.

एक दृश्य सांगतो. शर्यत संपल्यावर गाड्या थेट आपापल्या तंबूकडे जात नाहीत, आधी वजनकाट्यावर येतात. चालक हेल्मेट-हातमोज्यांसकट काट्यावर, कारण नियमातले किमान वजन गाडी आणि चालक मिळून मोजले जाते. आमच्यासमोर एक पोरगेलासा चालक काट्यावरून उतरला. कमरेला सोडलेला सूट घामाने काळा पडलेला, मानेवर पट्ट्याचा लाल वळ. त्याचा मेकॅनिक टायरवर चिकटलेले रबराचे गोळे पत्र्याच्या पट्टीने खरवडत होता आणि तोंडाने त्याला तमिळमध्ये काहीतरी सुनावत होता. मुलगा मान खाली घालून फक्त "सरी अण्णा, सरी अण्णा" म्हणत होता. भाच्याने हळूच विचारले, हडकुळा चालक असेल तर काय करतात? मेकॅनिकने पट्टी थांबवली, याच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिले आणि मोडक्या हिंदीत म्हणाला, "वजन हम डालेगा, ताकद तुम लाओ." गाडीच्या तळाशी वजनी पट्ट्या बसवून किमान वजन भरून काढता येते, पण पॉवर स्टिअरिंग नसलेली गाडी अर्धा तास वळवणारी मान आणि दंड बाहेरून बसवता येत नाहीत, असा त्याचा अर्थ. पोराने वेळेवर जेवावे म्हणून ताई वर्षभर जे सांगत होती, ते त्या एका वाक्याने झाले.

पाहण्यासारख्या आणखी काही गोष्टी आहेत. शर्यतीच्या आधी ग्रिडच्या, म्हणजे सुरुवातीला गाड्या उभ्या राहतात त्या रांगांच्या, शेवटच्या ओळींकडे पाहावे. पुढचे चालक शांत असतात, मागच्यांच्या तंबूत हंगामाचा खरा ताण दिसतो. निशाणे ओळखता आली तर शर्यत दुप्पट कळते: पिवळे म्हणजे पुढे धोका आणि ओलांडायचे नाही, निळे म्हणजे मागून येणाऱ्या वेगवान गाडीला वाट द्यायची, लाल म्हणजे शर्यत थांबली. ढग भरून आले की स्टँड सोडून पिटकडे, म्हणजे गाड्यांचे टायर बदलतात त्या जागेकडे, नजर ठेवावी. ऑक्टोबर ते डिसेंबर हा तमिळनाडूतल्या ईशान्य मोसमी पावसाचा काळ असल्याने गुळगुळीत टायर ठेवायचे की खाचांचे घालायचे हा निर्णय तिथे डोळ्यांसमोर होतो, आणि कित्येकदा चुकतोही. ऊन मात्र नोव्हेंबरातही टोपीशिवाय सोसवत नाही.

अजिंक्यपद त्या शेवटच्या टप्प्यात हैदराबादच्या संघातल्या दक्षिण आफ्रिकेच्या अकील अलीभाईने घेतले. आदल्या वर्षीचा विजेता कूपर वेबस्टर हाही परदेशीच, ऑस्ट्रेलियाचा. याबद्दल स्टँडवर माझ्या शेजारी बरीच कुरकुर चालली होती. मला ती पटली नाही. बाहेरची मुले येतात म्हणूनच आपल्या मुलांना घरच्या घरी, विमानाचा खर्च न करता, खरी मोजपट्टी मिळते. त्यांच्याविना झालेली स्पर्धा ही सोसायटीतल्या गणेशोत्सवातल्या संगीतखुर्चीसारखी होईल.

खाण्याची अडचण दोन्ही शहरांत नाही. ट्रॅकवर मात्र दुपारी रांग लागते, म्हणून सकाळी इडली-पोंगल पोटभर खाऊन निघावे आणि पाण्याच्या बाटल्या बरोबर ठेवाव्यात. कोईमतूरला परतीची रिक्षा आधीच ठरवावी, संध्याकाळी चेट्टिपाळयमला मोकळी रिक्षा मिळत नाही आणि आम्हाला एका संघाच्या टेम्पोने पोदनूरपर्यंत सोडले म्हणून गाडी चुकली नाही. वेळापत्रक हंगामाच्या मध्येही बदलते, तेव्हा तारीख पक्की झाल्याची खात्री होईपर्यंत रद्द न होणारे हॉटेल किंवा विमान घेऊ नये. इंजिनिअरिंगच्या मुलांना जानेवारीत कारीवर होणारी फॉर्म्युला भारत ही विद्यार्थ्यांची स्पर्धाही सुचवेन, तिला पुण्याच्या महाविद्यालयांचे संघ जातात आणि आपले मराठी बोलणारे कोणी ना कोणी भेटते.

घरी आल्यावर ताईला मी सांगितले की पुढची दोन वर्षे कार्टच पुरे. कोल्हापूरला मोहित्यांच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झालेल्या आहेत, तिथे पुण्याहून पहाटे निघून रात्री परत येता येते. भाच्याने हे ऐकून घेतले, पोळी वाढायला सांगितली, आणि मग बुटाच्या तळव्यातून कारीच्या रबराचे काळे गोळे पिनेने उकरत दारात बसला. ते डाग फरशीवरून रॉकेलनेही गेले नाहीत. पॅडॉकमध्ये जुने बूट घालून जावे.