वाइड रिसीव्हर जोखताना आकडे कोणत्या क्रमाने मांडायचे

अमेरिकन फुटबॉलच्या (एनएफएल) फँटसी लीगमध्ये, म्हणजे खऱ्या खेळाडूंच्या कामगिरीवर गुण मोजणाऱ्या खेळात, गेल्या सीझनच्या गुणांची यादी समोर ठेवायची आणि त्याच क्रमाने ड्राफ्टमध्ये (खेळाडू निवडताना) नावं घ्यायची, ही सवय वाइड रिसीव्हरच्या (पास झेलणाऱ्या खेळाडूच्या) बाबतीत सगळ्यात महागात पडते. त्या एका बेरजेत टार्गेट (त्याच्याकडे टाकलेले पास), कॅच (त्यातले पकडलेले), यार्ड (कमावलेलं अंतर) आणि टचडाउन (चेंडू शेवटच्या पट्ट्यात नेणं) सगळं कालवलेलं असतं. यातलं पुढच्या वर्षी बऱ्यापैकी टिकतं ते टार्गेट. टचडाउन सगळ्यात लहरी.

डेट्रॉइटचा कॅल्विन जॉन्सन घ्या. २०११ मध्ये ९६ कॅच, १,६८१ यार्ड, १६ टचडाउन. २०१२ मध्ये १२२ कॅच आणि १,९६४ यार्ड, म्हणजे एका सीझनचा विक्रम, पण टचडाउन फक्त ५. २०१३ मध्ये १४ सामन्यांत पुन्हा १२. क्वार्टरबॅक (पास टाकणारा) तिन्ही वर्षं स्टॅफर्डच. २०१२ ची टचडाउन बघून ज्याने त्याला खाली ढकललं, तो फसला.

पण उलटंही होतं, आणि ते जास्त शिकवतं. पिट्सबर्गच्या डियाँटे जॉन्सनला २०२२ मध्ये १४७ टार्गेट मिळाली आणि टचडाउन एकही नाही. ‘नुसतं नशीब, पुढच्या वर्षी ८ येतील’ असा हिशेब तेव्हा अनेकांनी केला. मात्र त्या वर्षी अख्ख्या संघाचीच पासवर फक्त १२ टचडाउन होती. संघाच्या पासपैकी साधारण पाव हिस्सा त्याच्याकडे जात होता, म्हणजे वाजवी अपेक्षा ३ ची. दुर्दैव खरं, पण टचडाउनला ६ गुण धरले तर १८ गुणांचं, ४८ चं नव्हे. टचडाउन मोजायची ती संघाच्या एकूण टचडाउनमधून.

म्हणून सुरुवात खेळाडूपासून न करता संघापासून करा. संघ सामन्याला ३४ पास टाकेल असं धरलं तर १७ सामन्यांत ५७८. त्यात रिसीव्हरचा हिस्सा २४ टक्के, म्हणजे १३९ टार्गेट. त्यातली ६५ टक्के पकडली तर ९० कॅच. कॅचमागे १२.५ यार्ड धरले तर १,१२५. टार्गेटच्या साडेचार टक्क्यांनी टचडाउन ६. पूर्ण पीपीआरमध्ये (कॅचला १ गुण, १० यार्डांना १, टचडाउनला ६) ९० + ११२.५ + ३६ = २३८.५, म्हणजे सामन्याला १४. अर्ध्या पीपीआरमध्ये (कॅचला अर्धा गुण) तोच माणूस १९३.५ वर येतो, त्यामुळे लीगचे नियम आधी बघा.

आता यातला एकेक आकडा हलवून पाहा. हिस्सा २४ चा २६ टक्के केला की सुमारे २० गुण वाढतात. कॅचचं प्रमाण ६५ चं ६८ केलं तर जेमतेम ९. म्हणजे वेळ घालवायचा तो हिश्श्यावर. ‘त्याचे हात किती चांगले’ या चर्चेत नाही.

हिस्सा काढताना एक चूक हमखास होते. १२ सामने खेळलेल्याची टार्गेट संघाच्या १७ सामन्यांच्या पासनी भागली जातात आणि चांगला रिसीव्हर मधल्या फळीतला दिसतो. भागायचं ते तो खेळला त्या सामन्यांतल्या पासनीच. पहिल्याच क्वार्टरमध्ये जखमी होऊन बाहेर गेला असेल तर तो सामनाही वगळा. शिवाय तो मैदानावर किती रूट (पास मिळवण्यासाठीच्या ठरलेल्या धावा) धावला तेही पाहा. रूटमागे २ यार्डांच्या वर असणारा रिसीव्हर कमी खेळवला जात असेल, तर तो स्वस्तात मिळण्याची शक्यता असते.

कॅचचं प्रमाणही सगळ्यांना एक लावू नका. लांब रूटवर सरासरी १५ यार्डांपुढे टार्गेट मिळणाऱ्याला ५५ टक्के चांगले, स्लॉटमध्ये (आतल्या बाजूला उभं राहून) ७-८ यार्डांवर पकडणाऱ्याला ७० ही साधेच.

मोठा रिसीव्हर संघ सोडून गेला की ‘त्याची टार्गेट आता कुणाला’ असा प्रश्न येतो. टार्गेट वारसाहक्काने मिळत नाहीत. डेवांटे अ‍ॅडम्सने २०२१ मध्ये ग्रीन बेमध्ये १,५५३ यार्ड केले आणि तो रेडर्सकडे गेला. २०२२ मध्ये पॅकर्सचा, म्हणजे ग्रीन बेचा, सगळ्यात पुढचा रिसीव्हर अ‍ॅलन लाझार्ड, ७८८ यार्डांवर. उरलेली टार्गेट रनिंग बॅक, टाइट एंड (हे इतर जागांवरचे खेळाडू), नवखे अशी सगळीकडे वाटली जातात, काही तर संघ कमी पास टाकू लागल्याने नाहीशीच होतात.

दुखापतीचा धसका मात्र लोक गरजेपेक्षा जास्त घेतात. १२ जणांच्या लीगमध्ये, ३ रिसीव्हर आणि एक फ्लेक्स (रिसीव्हर, रनिंग बॅक किंवा टाइट एंड चालेल अशी जागा) असेल तर बाकावरचा पर्यायी माणूस पूर्ण पीपीआरमध्ये सामन्याला साधारण १० देतो. वरचा १४ वाला ३ सामने बसला तरी १४ × १४ + ३ × १० = २२६. न चुकता १७ सामने खेळणारा साडेबाराचा माणूस २१२.५ वरच थांबतो. खरा तोटा अर्धवट सामन्यांत असतो. हॅमस्ट्रिंगचं (मांडीमागच्या स्नायूचं) दुखणं घेऊन उतरला, दुसऱ्या क्वार्टरला बाहेर, खात्यात २ गुण, आणि पर्याय बाकावरच. हॅमस्ट्रिंग पुन्हा उलटणारं दुखणं आहे, म्हणून सराव शिबिरात ते दिसलं तर एखादा राउंड खाली उतरवा.

ड्राफ्टनंतरही हाच तक्ता उपयोगी पडतो. २०२३ मध्ये रॅम्स संघाचा रिसीव्हर कुपर कप पहिले ४ सामने बाहेर होता. एनएफएलच्या ड्राफ्टमधल्या पाचव्या राउंडमधून आलेल्या पुका नाकुआला पहिल्या आठवड्यात १५ टार्गेट, १० कॅच, ११९ यार्ड. टचडाउन मात्र नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात २० टार्गेट. ‘कप परतला की संपलं’ म्हणून जे थांबले, त्यांच्यासमोर तो वर्षाअखेर १०५ कॅच आणि १,४८६ यार्डांवर पोहोचला. टचडाउन तरीही ६ च.