चिखल गोठलेला असेपर्यंत: वसंताच्या तोंडावरची सहा किलोमीटरची भटकंती

रात्रभर आभाळ निरभ्र होतं, पारा शून्याखाली दोन अंश उतरला आणि सकाळी फाटकाजवळचा चिखल बुटाच्या टाचेलाही दाद देईना. ते बघून आम्ही निघायची वेळ नऊवरून साडेसातवर आणली. थंड प्रदेशात बर्फ सरायला लागतं त्या तीन-चार आठवड्यांत मुलांना घेऊन बाहेर पडायचं, तर अंतर आणि चढ नंतर बघावेत. आधी बघायचं ते जमीन किती वाजता सुटणार हे.

कारण साधं आहे. ऊन चढलं की मातीचा वरचा दोन-चार सेंटीमीटरचा थर वितळतो, पण त्याखाली जमीन अजून गोठलेलीच असते. पाण्याला मुरायला वाट नाही, म्हणून ते वरच साचतं आणि सकाळी फरशीसारखी असलेली पायवाट दुपारी रबडी होते. रात्र ढगाळ असेल तर हा सकाळचा फायदाही मिळत नाही, कारण ढग जमिनीची ऊब वर निसटू देत नाहीत. अशा दिवशी मातीची वाट सोडून खडीचा किंवा खडकाळ रस्ता धरावा. हट्टाने चिखलात शिरलं तर पहिल्या किलोमीटरलाच मुलं थकतात.

आमची वाट सहा किलोमीटरची, एकूण चढ १८० मीटर. आधी ओढा, मग झाडी, तळं, वरचा उघडा माळ आणि दुसऱ्या अंगाने परत. बरोबर दोन मोठी माणसं, नऊ आणि पाच वर्षांची मुलं, आणि दोन काठ्या घेतलेली आजी. वेळेचा हिशेब करायला विल्यम नेस्मिथ या गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सांगितलेला आडाखा अजून पुरतो: सपाटीवर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. त्याप्रमाणे आमची वाट दीड तासाची ठरते. बरोबर लहान मूल असलं की हा आकडा सरळ दुप्पट करायचा, म्हणजे तीन तास. वर थांबे, खाऊ, दगड गोळा करणं आणि 'अजून एकदा बघू दे' यांचे दोन तास. साडेसातला निघून साडेबाराला परत. वसंतसंपाताच्या आसपास, ४५ ते ५० अंश अक्षांशावर, दिवस रोज तीन-चार मिनिटांनी मोठा होत असतो. त्यामुळे महिन्यापूर्वी जमत नव्हती ती लवकरची सुरुवात आता उजेडात करता येते.

कपड्यांबद्दल एकच गोष्ट ताठर राहून पाळावी: अंगालगत सुती काही नको. सुती कापड घाम धरून ठेवतं, आणि ओल्या कपड्यातून अंगाची ऊब कोरड्यापेक्षा कितीतरी वेगाने जाते. लोकर किंवा पॉलिएस्टरचा पातळ थर आत, त्यावर ऊबदार थर, सगळ्यात वर वारा अडवणारं जाकीट. निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. घरातच ऊबदार वाटत असेल तर पहिल्याच चढावर घाम फुटणार. मुलांची थंडी हाताला हात लावून तपासू नये, लहान मुलांचे हात एरवीही गार असतात. मानेच्या मागे, कॉलरच्या आत दोन बोटं घालावीत. तिथे ओलसर लागलं तर एक थर उतरवायचा, गार लागलं तर चढवायचा. बोटांचे हातमोजे दिसायला छान, पण पाच वर्षांच्या मुलाला अंगठा तेवढा वेगळा असलेले पिशवीसारखेच मोजे द्यावेत, चार बोटं एकमेकांना ऊब देतात.

बुटांत मात्र हमखास चूक होते. पाय गार पडू नयेत म्हणून दोन जाड मोजे घालून बूट कोंबला जातो, रक्ताभिसरण आवळतं आणि पाय जास्तच गारठतात. मोजा एकच, पण चांगला. बूट इतका मोकळा की टाचेमागे एक बोट जाईल आणि आत बोटं हलतील. राखीव मोजे आजीला नि आम्हाला एकेक जोडी, मुलांना दोन दोन, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून. ती रिकामी पिशवी पुढे कामाला येते: बूट आतून ओला झाला तर कोरड्या मोज्यावर पिशवी चढवून मग पाय बुटात घालायचा. दिसायला विचित्र, पण घरापर्यंत पाय कोरडा राहतो.

पहिला एक किलोमीटर कुरकुर वाजत गेला. गोठलेल्या मातीत पाणी वर खेचलं जाऊन बर्फाच्या सुया उभ्या राहतात आणि मातीचा पापुद्रा डोक्यावर उचलून धरतात. त्यावर पाय देण्यात मुलांचा अर्धा तास गेला. हा वेळ धरूनच चाललो होतो.

ओढा आम्ही पावणेनऊला ओलांडला. पाणी घोट्याखाली, दगड उघडे. वितळत्या बर्फावर चालणाऱ्या ओढ्याला रोजची भरती-ओहोटी असते: पहाटे आणि सकाळी पाणी सर्वांत कमी, दिवसभर बर्फ वितळून ते खाली पोचेपर्यंत दुपार उलटते आणि संध्याकाळच्या सुमारास ओढा सर्वांत फुगलेला असतो. सकाळी उडी मारून गेलेली जागा चार वाजता मांडीपर्यंत भरलेली सापडू शकते. म्हणून वाट आखतानाच ओढा एकदाच, तोही सकाळी लागेल असं बघावं, किंवा परतीला पूल असावा. ओलांडताना पाठपिशवीचा कमरेचा पट्टा सोडायचा, म्हणजे पडल्यास ती चटकन टाकता येते. मोठा माणूस मुलाच्या खालच्या अंगाला, प्रवाहाच्या दिशेला उभा राहतो. ओल्या दगडापेक्षा काचेसारखी चमक असलेला दगड वाईट, त्यावर रात्रीचं बर्फ असतं. मोठ्यांच्या गुडघ्याला पाणी लागेल असं दिसलं तर मुलांसह परत फिरायचं, यात चर्चा नाही.

झाडीत शिरल्यावर चढ लागला. पानं फुटली नाहीत हीच या दिवसांची चैन: पक्षी आवाजावरून शोधून लगेच दिसतो, महिन्याभराने नुसताच ऐकू येईल. दूरवर सुतार पक्ष्याचा ताशा चालू होता. तो अळ्या शोधत असतो असा समज आहे, पण ते सलग जलद वादन म्हणजे हद्दीची द्वाही. खाणं शोधताना तो थांबून थांबून, अनियमित टोकतो. मुलाच्या हातात मोठी जड दुर्बीण देऊ नये. ८×४२ यातला ८ म्हणजे आठपट मोठं दिसणं आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. लहान हातांना ६×३० पुरते, कमी हलते आणि दृश्याचा आवाका साधारणपणे मोठा असतो. आधी दोन्ही नळ्या मुलाच्या डोळ्यांच्या अंतराएवढ्या जवळ येतात का ते तपासावं, नाहीतर त्याला दोन गोल दिसतात आणि 'दिसतंय' असं तो तुमचं मन राखायला म्हणतो. मग उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्याचं चित्र स्वच्छ करायचं, त्यानंतर डावा मिटून उजव्या नळीवरची कडी फिरवायची. ही कडी त्या माणसापुरती एकदाच लावायची असते.

हेझलच्या फांद्यांवर पिवळे तुरे लोंबत होते. हे नर फुलोरे. मादी फूल शोधायचं तर नाक फांदीला लावावं लागतं: कळीच्या टोकाला लाल धाग्यांचा दोन-तीन मिलिमीटरचा झुपका. पानांआधी फुलायचं कारण वारा. परागकण वाहून नेताना मध्ये पानं नकोत. पलीकडचा विलो, म्हणजे आपल्या वाळुंजाचा भाऊबंद, रुपेरी बोंडांनी भरला होता. मधमाश्यांचं पहिलं पोटभर जेवण त्यावरच होतं, तेव्हा फुलदाणीसाठी त्याच्या फांद्या तोडू नयेत.

तळ्याकाठी आम्ही सगळ्यांना थांबवून आधी नियम सांगितला: बर्फावर कोणीच जायचं नाही, चेंडू गेला तरी नाही, कुत्रा गेला तरी नाही. नव्या, स्वच्छ बर्फाला १० सेंटीमीटर जाडी असेल तर ते चालणाऱ्या माणसाला पेलतं असं सांगितलं जातं. वसंतातल्या बर्फाला हे माप लावायचं नसतं. ऊन आत शिरून त्याचे उभे स्फटिक एकमेकांपासून सुटत जातात. जाडी तशीच दिसते, ताकद गेलेली असते. काठ सर्वांत आधी सुटतो, आणि जिथून पाणी तळ्यात येतं ती जागा तर नेहमीच पातळ. कोणी पडलंच तर पहिल्या मिनिटात थंडीच्या धक्क्याने धाप लागते, तेवढं मिनिट तोंड पाण्यावर ठेवून श्वास आवरायचा; हातपाय उपयोगी पडतील अशी साधारण दहा मिनिटं मिळतात; गारठून शुद्ध जायला बहुधा तासभर लागतो. बाहेरच्याने धावत जायचं नाही. पालथं पडून काठी, दोरी किंवा ओढणी पुढे सरकवायची.

काठालगतच्या उघड्या उथळ पाण्यात बेडकांची अंडी होती. गोळाच्या गोळा असेल तर बेडकाची, पाणवनस्पतींना गुंडाळलेल्या लांब माळा असतील तर भेकाची, म्हणजे टोडची. बघायला पांढऱ्या तळाचा डबा बुडवावा, अंडी आतमध्ये तरंगताना बघून तिथल्या तिथे परत सोडावीत. बरणीत घरी नेलेली बहुतेक मरतात, आणि दुसऱ्या तळ्यात सोडली तर रोग पसरायचं निमित्त होतं. मुलांच्या हाताला मलम किंवा सनस्क्रीन लावलेलं असेल तर हात पाण्यात घालू देऊ नयेत. सनस्क्रीन मात्र चेहऱ्याला हवंच: ताजं बर्फ अतिनील किरणं ८० टक्क्यांपर्यंत परतवतं, हनुवटीखाली आणि नाकपुड्यांखालीही भाजतं.

माळावर आलो तेव्हा दहा वाजून गेले होते आणि वारा ताशी ३० किलोमीटरच्या जवळ. हवेत ५ अंश होते. एवढ्या वाऱ्यात उघड्या कातडीला ते शून्यासारखे लागतात. खायला माळावर बसलो नाही, दगडी बांधाच्या आडोशाला खाली उतरलो. जमिनीवर फोमची चटई हवी, नाहीतर थंडी बुडाकडून चढते. थर्मास भरण्याआधी पाच मिनिटं उकळतं पाणी भरून ठेवलं होतं, तेवढ्याने आतलं पेय खूप वेळ गरम राहतं. या थांब्यावर मुलांकडे नीट बघायचं. धडपडणं, पुटपुटत बोलणं, विनाकारण चिडणं ही अंग गारठत चालल्याची लक्षणं. बडबडं मूल अचानक गप्प झालं तर तेही.

पतंग त्याच आडोशाबाहेर काढला. माळावर वारा जास्त होता, म्हणून कण्णीची गाठ अर्धा सेंटीमीटर डोक्याकडे सरकवली. मंद वाऱ्यात ती किंचित शेपटीकडे घ्यायची. पतंग गिरक्या खात खाली येत असेल तर शेपटी लांबवायची. काचेचा मांजा अजिबात नको, साधा पॉलिएस्टरचा दोरा, आसारी मोठ्याच्या हातात आणि मुलाच्या हातात मोजा. विजेच्या तारा दिसतील तिथे पतंग पिशवीतच राहू द्यावा. पळत पतंग चढवायची मुलांना हौस असते, पण वारा पुरेसा असताना पळायची गरज नसते: पाठ वाऱ्याकडे करून उभं राहायचं, दुसऱ्याने वीस मीटरवर पतंग धरायचा आणि झोत आला की सोडायचा.

परतीची वाट उत्तरेकडच्या उतारावरून. उत्तर गोलार्धात दक्षिणेचा उतार आधी सुटतो, उत्तरेचा दुपारपर्यंत घट्ट राहतो. त्यामुळे साडेअकरालाही पायाखाली बऱ्यापैकी टणक होतं, फक्त सावलीत बर्फाचे पट्टे. तिथे पाऊल सपाट टाकून, छोटी पावलं घेत उतरायचं. शेवटचे चारशे मीटर मात्र राड. राड आली की तिच्या कडेकडेने जाण्याचा मोह आवरावा. प्रत्येकाने कड धरली की वाट दरवर्षी रुंदावते आणि नुकते फुटलेले कोंब तुडवले जातात. बूट धुता येतात, म्हणून मधूनच जायचं.

घरी आल्यावर जेवणाआधी गोचीड तपासणी. पारा चार-पाच अंशांवर गेला की गोचिडी हलायला लागतात, बर्फ पूर्ण जायची वाट बघत नाहीत. गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, कानामागे, केसांच्या कडेला बघायचं. सापडली तर टोकदार चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरून सरळ वर, सावकाश ओढायची. तेल, काडी, पिळणं काही नको. जागा धुऊन तारीख लिहून ठेवायची. पुढच्या काही आठवड्यांत तिथे पसरत जाणारा लाल चट्टा किंवा ताप आला तर डॉक्टरांना ती तारीख लागते.

बुटांचे आतले तळवे काढून वेगळे, आत वर्तमानपत्राचे बोळे, दोन तासांनी बदलून. हीटरला टेकवून ठेवले तर डिंक सुटतो आणि चामडं तडकतं, खोलीच्या ऊबेतच वाळू द्यावेत.

आणि वहीतली नोंद. रॉबर्ट मार्शम या इंग्रज जमीनदाराने १७३६ मध्ये नॉरफोकमध्ये पहिलं फूल, पहिलं पान, बेडकांचं पहिलं डरावणं अशा वसंताच्या खुणा तारखेसह लिहायला घेतल्या. त्याच्या वंशजांनी त्या १९५८ पर्यंत चालवल्या आणि आज हवामानाच्या अभ्यासात त्या कामाला येतात. आमची नोंद चार ओळींची असते, मोठ्या मुलाच्या अक्षरात: रात्रीचा किमान पारा उणे २, ओढा पावणेनऊला घोट्याखाली, हेझलची लाल फुलं दिसली, बेडकांच्या अंड्यांचे पाच गोळे, माती साडेदहाला सुटली. शेवटची नोंद पुढच्या वर्षी सर्वांत उपयोगी पडते. त्याआधी किमान दोन तास निघायचं.