शामोनी: उडी शिकायला गेलो, साइडस्लिप शिकून आलो

फ्रान्समधल्या शामोनी गावी तीव्र उतारांवर स्की करायला शिकवणाऱ्या वर्गाला गेलो होतो. माहितीपत्रकात लिहिलं होतं, 'काळ्या पिस्टवर सहज उतरता येत असेल तर या.' त्यावर विसंबून जाऊ नका. मी सहज उतरतो त्या काळ्या पिस्ट, म्हणजे आखलेल्या स्की-उतारांतल्या सर्वांत अवघड, 35 अंशांच्या आतल्या आहेत. चौथ्या दिवशीची नाळ, म्हणजे खडकांमधली बर्फाची अरुंद घळ, मधल्या टप्प्यात 45 च्या पुढे गेली. एवढ्या उतारावर बर्फ कडक असेल आणि तुम्ही पडलात, तर थांबणं तुमच्या हातात राहत नाही. हे आधी सांगायला हवं होतं.

मी गेलो ते प्रशिक्षकांसाठी. त्यांचे व्हिडिओ वर्षानुवर्षं मागेपुढे करून पाहिलेत. त्यांनी पहिले दोन दिवस नुसतं साइडस्लिप करायला लावलं, म्हणजे स्की उताराला आडव्या धरून घसरत खाली यायचं. उजवी बाजू, डावी बाजू, तिरकं पुढे, तिरकं मागे. मी वैतागलो होतो. तीव्र उतारांवरच्या स्कीइंगचे अग्रणी सिल्व्हाँ सोदाँ 1967 मध्ये स्पेन्सर कुलुआर ही नाळ उतरले ते याच गावाच्या डोक्यावर, आणि मी इथे घसरगुंडी करत होतो!

तिसऱ्या दिवशी उडीचं वळण झालं, फ्रेंच स्कीपटू पात्रिक व्हालाँसाँचं नाव ज्याच्याशी जोडलं जातं ते. पोल बुटाच्या बराच खाली रोवायचा, छाती दरीकडे, वजन वरच्या स्कीवर. तोच पाय ताणून उसळी घ्यायची, हवेत दोन्ही स्की फिरवायच्या, एजवर, म्हणजे स्कीच्या धारदार कडेवर, उतरायचं. पकड बसली याची खात्री झाल्याशिवाय पुढचं वळण नाही. भीतीने अंग डोंगराकडे झुकतं आणि तिथेच एज सुटतात.

आता ती नाळ. मधल्या साठेक मीटरच्या टप्प्यात रुंदी जेमतेम स्कीच्या लांबीएवढी, आधीच्या लोकांनी खरवडून काचेसारखी केलेली. मी दोन उड्या मारल्या. दुसरीत स्कीची शेपटी खडकावर आपटली. खालून प्रशिक्षक ओरडले, "आता उडी नाही. घसरत ये." पोटऱ्या थरथरत होत्या, मांड्या पेटल्या होत्या, पण वाळलं पान पडतं तसा डावी-उजवी करत तो टप्पा पार झाला. ते दोन दिवस नसते तर मी आज हे लिहीत नसतो.

व्हॅले ब्लाँश ही हिमनदीवरून उतरणारी स्कीची वाट शेवटच्या दिवशी केली. सुंदर आहे, सोपी आहे.

जाणाऱ्यांनी घरूनच दोन्ही बाजूंचं साइडस्लिप पक्कं करून जावं. कडक बर्फावर, पोल न टेकता. एजना नवी धार हवीच. क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फात रुतणारे खिळे असलेली चौकट, स्की-बुटावर आधी बसवून बघा. केबलकार जिथे नेते त्या एग्वी द्यु मिदी शिखराच्या अरुंद कण्यावर, स्की पाठीला बांधलेल्या असताना, पट्टे जुळवत बसू नका. आइस ॲक्स हाताला येईल अशी ठेवा, सॅकच्या तळाशी नको. आणि पोहोचल्या दिवशी वर जाऊ नका. केबलकार 1,035 मीटरवरून 3,777 वर वीसेक मिनिटांत नेते, डोकं मागेच राहतं.

वर्ग घ्यावा का? घ्यावाच. फक्त पहिल्याच दिवशी विचारा, 'सर, नाळ सर्वात अरुंद कुठे आहे आणि तिथे किती अंश?' आकडा मिळाला नाही, तर त्या दिवशी वर जाऊ नका.