स्वाहिली मराठी माणसाला सोपी जाते का?

तुम्ही विचारलेत म्हणून लिहिते. टांझानियातल्या दार-ए-सलामच्या विद्यापीठात मी तिथल्या स्वाहिली भाषेच्या मधल्या पातळीचा अभ्यासक्रम करते आहे हे कळले, की घरची माणसे आणि जुन्या मैत्रिणी हमखास एकच प्रश्न विचारतात: त्या भाषेत आपले इतके शब्द आहेत म्हणे, मग मराठी माणसाला ती सोपीच जात असेल ना? सोपी जाते, पण तुम्ही समजता त्या कारणामुळे नाही. शब्दांची मदत पहिल्या पातळीवरच संपते. पुढे जी मदत होते ती मराठी व्याकरणाची, आणि ती मिळेल असे मला इथे येईपर्यंत कोणीही सांगितले नव्हते.

शब्द खरोखरच पुष्कळ आहेत. स्वाहिलीचा सांगाडा आफ्रिकेतल्या बांटू भाषांचा असला तरी मोसमी वाऱ्यांवर चाललेल्या शेकडो वर्षांच्या व्यापारातून अरबी, फारसी आणि हिंदुस्थानी शब्द तिच्यात मुरले, आणि त्यांतले बरेचसे आपल्याकडेही आहेत. दुकानाला ‘दुका’, गाडीला ‘गारी’, पैशाला ‘पेसा’, साबणाला ‘साबुनी’, बंदराला ‘बंदारी’, वकिलाला ‘वाकिली’, सरकारला ‘सेरिकाली’ म्हणतात, आणि जेवणात भाताशेजारी कांदा-टोमॅटोची ‘कचुंबारी’ येते तेव्हा तिचे नाव विचारावे लागत नाही. पण हे शब्द इथे स्वाहिलीच्या कायद्याने नांदतात. एक ‘गारी’, अनेक ‘मागारी’. एक ‘दुका’, अनेक ‘मादुका’. अरबीतून आलेल्या ‘किताबू’ या शब्दातला पहिला ‘कि’ स्वाहिलीने आपलाच उपसर्ग मानला आणि अनेकवचन केले ‘विताबू’. नात्यांचे शब्द तर सरळ चकवतात, कारण ‘दादा’ म्हणजे थोरली बहीण, ‘काका’ म्हणजे थोरला भाऊ आणि ‘मामा’ म्हणजे आई. भाजीवाला मला ‘दादा, करिबू’ म्हणून बोलावतो तेव्हा तो अगदी रीतसर ‘ताई, या’ असेच म्हणत असतो, तरी पहिले काही आठवडे मी मागे वळून कोणाला हाक मारली ते पाहत असे.

मधल्या पातळीवर शब्द पाठ करण्याला फारसे महत्त्व उरत नाही, सगळा भार जुळणीवर येतो. स्वाहिलीत नामांचे वर्ग आहेत. एकवचन आणि अनेकवचन वेगळे मोजले तर ते पंधराच्या आसपास भरतात, आणि विशेषण, संख्या, क्रियापद या सर्वांना नामाच्या वर्गाप्रमाणे रूप घ्यावे लागते. ‘किताबू किकुब्वा किमोजा किलिआंगुका’, म्हणजे एक मोठे पुस्तक पडले. तीन पुस्तके पडली की तेच वाक्य ‘विताबू विकुब्वा वितातू विलिआंगुका’ असे होते. इंग्रजी बोलणाऱ्या माझ्या वर्गमित्रांना विशेषणाने बदलावेच का, हे आधी समजून घ्यावे लागले. ‘माझा मोठा मुलगा आला, माझी मोठी मुलगी आली, माझे मोठे घर पडले’ हे जन्मापासून बोलणाऱ्याला तो प्रश्न पडत नाही. फरक एवढाच, की आपला बदल शब्दाच्या शेवटी होतो आणि त्यांचा सुरुवातीला. त्यामुळे कान शब्दाच्या दुसऱ्या टोकाला लावायची सवय करावी लागते.

ही सवय लागत असतानाच खरी अडचण येते, आणि तिथे मराठी हात देत नाही. ‘काल मी वाचलेले पुस्तक’ याला ‘किताबू निलिचोकिसोमा जाना’ म्हणतात. त्या मधल्या एका शब्दात ‘नि’ म्हणजे मी, ‘लि’ म्हणजे भूतकाळ, ‘चो’ म्हणजे जे, ‘कि’ म्हणजे ते आणि ‘सोमा’ म्हणजे वाचणे असे पाच तुकडे आहेत, आणि नाम बदलले की ‘चो’ आणि ‘कि’ दोन्ही बदलतात. आपण ‘जे’ आणि ‘ते’ वाक्यभर ऐसपैस पसरतो. इथे ते एका क्रियापदाच्या पोटात, बोलण्याच्या वेगात बसवायचे असतात. जागेचेही तसेच आहे. विशिष्ट ठिकाण, मोघम ठिकाण आणि आतली जागा यांना वेगवेगळे उपसर्ग आहेत, म्हणून ‘खिशात पैसे आहेत’ यातला ‘आहेत’ हा ‘टेबलावर पुस्तक आहे’ यातल्या ‘आहे’पेक्षा निराळा होतो. आणि नुसते ‘नाही’ म्हणणे पुष्कळदा चुकीचे ठरते. जेवलात का, लग्न झाले का, मुले आहेत का, या प्रश्नांना ‘बाडो’, म्हणजे ‘अजून नाही’, असे उत्तर द्यायचे असते, आणि त्यासाठी क्रियापदाचे स्वतंत्र रूपही आहे. पुढे घडू शकेल अशा गोष्टीवर दार लावून घेणे इथे बरे दिसत नाही, आणि मला ही रीत मनापासून आवडते.

आता मराठीची मदत. आपण ‘मी झाड पाहिले’ म्हणतो, पण ‘मी शिक्षकांना पाहिले’ म्हणतो; माणूस कर्म झाला की त्याला ‘ला’ किंवा ‘ना’ लागतो. स्वाहिलीतही ‘निलिओना म्ती’, मी झाड पाहिले, इथे क्रियापदात काही घालावे लागत नाही, पण शिक्षकांना पाहिले तर ‘निलिम्वोना म्वालिमू’ असा ‘म्व’ क्रियापदात यावाच लागतो. हा नियम आमच्या शिक्षिकांनी फळ्यावर मांडला तेव्हा वर्गात बराच वेळ शंका चालल्या होत्या, आणि मला मात्र त्याची प्रत्येक ओळ आधीच ठाऊक होती.

गोष्ट सांगण्याची रीत पाहून तर मला फार आनंद झाला. ‘मी बाजारात जाऊन, मासे घेऊन घरी परतले’ असे आपण म्हणतो, म्हणजे आधीच्या क्रिया ‘ऊन’वर टांगून ठेवतो आणि काळ सांगतो तो शेवटच्या क्रियापदात. स्वाहिलीत ‘निलिक्वेंडा सोकोनी, निकानुनुआ समाकी, निकारुडी ञुंबानी’ असे म्हणतात. काळ सांगणारा ‘लि’ फक्त पहिल्या क्रियापदात येतो, आणि पुढची सगळी क्रियापदे ‘का’ लावून त्याच्यामागे चालतात. माळ तीच, गाठ दुसऱ्या टोकाला. हे एकदा दिसल्यावर वर्गात पाच मिनिटे गोष्ट सांगण्याची भीती मला उरली नाही. (‘ञुंबानी’ म्हणजे घरी. वर्णमालेत घोकलेला ‘ञ’ एखाद्या शब्दाच्या आरंभी लिहायची संधी मला प्रथम इथे मिळाली. गाईला ‘ङोंबे’ म्हणतात, म्हणजे ‘ङ’चीही सोय झाली.)

आणि ‘पिगा’. ‘पिगा’ म्हणजे मारणे. ‘पिगा सिमू’ म्हणजे फोन मारणे, ‘पिगा पासी’ म्हणजे इस्त्री मारणे, ‘पिगा म्लुझी’ म्हणजे शिट्टी मारणे, ‘पिगा म्बिझी’ म्हणजे बुडी मारणे, ‘पिगा चापा’ म्हणजे छाप मारणे, छापणे, आणि रस्त्यावरच्या बोलीत ‘पिगा स्टोरी’ म्हणजे गप्पा मारणे. फोटो मात्र आपण काढतो, ते मारतात. मत आपण देतो, ते तेही मारतात. हे प्रयोग इतरांना यादी करून पाठ करावे लागले. मी अंदाजाने बोलत गेले आणि बहुतेक वेळा बरोबर ठरले.

प्रयोजक क्रियापदांचा धडा मला वर्गापेक्षा दालादालात जास्त समजला. दालादाला म्हणजे इथल्या खाजगी लहान बसगाड्या. आदल्याच दिवशी आम्ही जोड्या लिहिल्या होत्या: ‘आंगुका’ पडणे, ‘आंगुशा’ पाडणे, ‘वाका’ पेटणे, ‘वाशा’ पेटवणे, ‘आम्का’ जागे होणे, ‘आम्शा’ जागे करणे, ‘शुका’ उतरणे, ‘शुशा’ उतरवणे. विद्यापीठातून म्वेंगेकडे जाणारी गाडी गच्च भरलेली होती आणि मी दारापासून लांब उभी होते. माझ्या पुढच्या बाई थांबा जवळ येताच ‘शुशा!’ असे मोठ्याने म्हणाल्या. उतरायचे त्यांना होते, पण त्या ‘मी उतरते’ असे म्हणत नव्हत्या, ‘उतरवा’ असे वाहकाला सांगत होत्या. वाहकाने गाडीच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या, गाडी थांबली, बाई उतरल्या. पुढच्या थांब्यावर मीही ‘शुशा’ म्हटले, वाहकाने तशाच दोन थापा मारल्या, आणि गर्दीतून वाट काढत मी खाली उतरले.