लेखकाचा वाटा

"एपिसोडचे पैसे मिळतात ना? मग आणखी कसला हिस्सा?" 2023 मध्ये हॉलिवूडच्या लेखकांचा संप चालू होता, तेव्हा एका निर्मात्यांनी मला हे विचारलं. मी मराठी मालिकांचे संवाद लिहिते. त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं.

तिकडे लेखकाला लिहिण्याचा मोबदला मिळतोच, शिवाय काम पुन्हा दाखवलं किंवा विकलं गेलं की ठरलेली रक्कम मिळते. तिला रेसिड्युअल म्हणतात. तिच्यासाठी त्यांना दरवेळी भांडावं लागलं आहे. 1960 च्या संपानंतर ठरलं, की सिनेमा टीव्हीला दिला तर त्या रकमेच्या 1.2 टक्के लेखकाला. 1985 मध्ये व्हिडिओ कॅसेटचा हिशेब ठरला आणि तिथे लेखक फसले. कॅसेट बनवणं महाग, म्हणून 100 डॉलरमधले 80 आधीच बाजूला काढायचे आणि उरलेल्या 20 वर दीड टक्का द्यायचा. म्हणजे 30 सेंट! पुढे डीव्हीडी आली, बनवायचा खर्च पार खाली आला, पण सूत्र तेच राहिलं. 2007 मध्ये हा दर दुप्पट करून मागितला, तर ती मागणी ऐनवेळी सोडावी लागली. तरी 100 दिवस संप करून त्यांनी इंटरनेटवरच्या कामाचा हक्क करारात आणला. तेव्हा स्ट्रीमिंग नुकतं कुठे सुरू होत होतं. ती दूरदृष्टी मला फार मोठी वाटते.

2023 चा संप 2 मे ते 27 सप्टेंबर चालला. सुमारे 11,500 लेखक, 148 दिवस. तोवर मालिका लाखोंनी पाहिली काय किंवा कुणीच पाहिली नाही काय, स्ट्रीमिंगचं रेसिड्युअल ठरावीकच, आणि किती जणांनी पाहिली तो आकडा कंपनीच्या कपाटात. संपानंतरच्या करारात ठरलं, की पहिल्या 90 दिवसांत कंपनीच्या तिथल्या 20 टक्के वर्गणीदारांएवढा प्रेक्षक मिळाला, तर रेसिड्युअलच्या निम्मा बोनस मिळेल. पाहिल्याचे तासही लेखकांच्या संघटनेला गोपनीयतेच्या अटीवर कळवायचं ठरलं. मला विचाराल तर 20 टक्क्यांची पायरी फार उंच आहे. दहा टक्क्यांनी पाहिलेल्या मालिकेनेही कंपनीला कमाई करून दिलेलीच असते.

पैसा निर्मात्याचा, धोका त्याचा, हे मला मान्य आहे. पण पडलेल्या कामातून कोण हिस्सा मागतंय? काम चाललं, पुन्हा विकलं गेलं, तरच द्यायचं आहे. आणि दोन कामांच्या मधले रिकामे महिने लेखक ह्याच पैशांवर काढतो.

मार्च 2020 मध्ये शूटिंग बंद पडलं आणि वाहिन्यांनी जुन्या मालिका पुन्हा लावल्या. त्यात माझीही होती. रोज संध्याकाळी माझे संवाद घराघरांत ऐकू येत होते, मधे जाहिराती होत्या, आणि माझ्या खात्यात एक रुपयाही येत नव्हता. आई शेजारच्या काकूंना कौतुकाने सांगायची, "हिचीच मालिका आहे." मी मात्र घरभाड्याचा हिशेब करत बसलेली असायचे. माझ्या करारात एक ओळ होती: सर्व माध्यमांतले सर्व हक्क, कायमस्वरूपी.

आपल्याकडे कायदा आहे. 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीने सांगितलं, की चित्रपटगृहाबाहेरच्या वापरासाठी लेखकाचा रॉयल्टीचा हक्क करारानेही काढून घेता येत नाही. जावेद अख्तर राज्यसभेत त्यासाठी बोलले होते. पण एकटी मी ते कलम दाखवायला गेले, तर पुढचा एपिसोड दुसरं कुणीतरी लिहील. हॉलिवूडमध्ये तसं होत नाही, कारण तिथे किमान अटी संघटना ठरवते आणि मोठे स्टुडिओ त्या कराराने बांधलेले असतात. मुंबईची स्क्रीनरायटर्स असोसिएशन अशाच किमान कराराची मागणी किती वर्षं करते आहे. त्या करारात पुनर्प्रक्षेपणाच्या पैशांचं कलम असायलाच हवं, आणि त्यासाठी काम थांबवायची वेळ आली तर मी थांबवीन.