आडखाडी खेकड्यावरून ओलांडणार असाल तर आधी त्याचं पोट बघा

कालच परत आलोय. जमिनीवर उभी राहिले तरी डोलल्यासारखं वाटतंय, दोन्ही गुडघ्यांच्या मागे खाज आहे आणि मी भयंकर चिडलेली आहे, तेव्हा जे लिहीन ते त्या हिशोबाने घ्या. पण कोणीतरी लिहायलाच पाहिजे, कारण जाण्याआधी मी ज्याला ज्याला विचारलं त्या प्रत्येकाने एकच वाक्य ऐकवलं की पोटली, म्हणजे तिथल्या खेकड्यांना लागणारा परजीवी, माणसाला काही करत नाही. बरोबर आहे, माणसाला नाही करत. पण तुम्ही ज्याच्या पाठीवर बसता त्याला करते, आणि भर खाडीत मधोमध बसल्यावर कळतं की शेवटी गोष्ट एकच आहे.

पलीकडच्या जगात कसं जायचं, दार कुठे उघडतं, हे सगळं नेहमीचंच, त्यात वेळ घालवत नाही. पोहता येत असेल, सहा तास ओल्या कपड्यात बसायची तयारी असेल आणि घट्ट बसणारे रबरी बूट असतील तरच पुढे वाचा. चपला घालून आलेला एकजण आमच्यासमोर धक्क्यावरच घसरून पडला.

तर आडवणच्या धक्क्यावर पोचलो मी आणि माझा मावसभाऊ. आडखाडी होडीने ओलांडता येत नाही, खडक फार आहेत, म्हणून सगळी वाहतूक मोठ्या खेकड्यांवरून. बैलगाडीएवढी पाठ, त्यावर लाकडी बैठक आवळलेली, पुढे माहूत. खेकडा आडवा चालतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण आडव्या चालणाऱ्या प्राण्यावर दोन तास बसणं म्हणजे काय हे बसल्याशिवाय कळत नाही. तुम्ही बघताय एकीकडे आणि जाताय भलतीकडे, अर्ध्या तासात पोट ढवळतं. बसताना जाण्याच्या दिशेकडे तोंड करून बसा, माहूत काही म्हणू दे.

धक्क्यावर रेट दोन. साधा खेकडा माणशी ८ शिंपले. आणि 'पोटुशी' खेकडी माणशी १४. का, तर म्हणे ती शांत चालते, नांगी उगारत नाही, झटके देत नाही, बायाबापड्यांना बरी. वर माणशी ३ शिंपले ओटीचे! तिथे त्याला वेगळा शब्द आहे पण प्रकार ओटीचाच, लेकुरवाळ्या जिवावर बसताय तर तिच्यासाठी काहीतरी ठेवा. मला ते ऐकून अगदी भरून आलं, मूर्खपणा दुसरं काय. दोघांचे ३४ झाले. २० शिंपल्यांचा एक मोती, मी दोन मोती दिले तर वरचे सहा परत द्यायला सुट्टे नाहीत. त्या सहा शिंपल्यांत तिथे एक रात्र राहून दोन वेळा जेवता येतं, म्हणून सांगतेय.

आता मुद्द्याचं. ती खेकडी नव्हती, तो खेकडा होता. नर. आणि पोटाखाली होती ती अंडी नव्हती, पोटली होती.

आपल्या समुद्रातल्या खेकड्यांना सॅक्युलायना लागतो हे माहीत असेल तर निम्मं काम झालं. खडकावर पाय कापणारे ते पांढरे टोकदार बार्नकल असतात ना, त्यांच्याच गोतातला हा प्राणी, पण मोठा झाल्यावर बघून कोणी म्हणणार नाही. अळी असताना पाण्यात पोहते, खेकडा सापडला की त्याच्या अंगात शिरते आणि आत मुळांसारखे धागे पसरत जाते. मग पोटाखाली, जिथे मादी अंडी धरते बरोबर त्याच जागी, पिशवी बाहेर काढते. खेकडा त्यानंतर स्वतःची पिल्लं काढू शकत नाही, कात टाकायचंही बंद होतं, आणि त्या पिशवीला तो स्वतःची अंडी समजून जपतो. नराला लागला तर नराचंही पोट मादीसारखं रुंद होत जातं आणि तोही आईसारखा वागायला लागतो. पलीकडची पोटली म्हणजे हेच सगळं, फक्त पिशवी घागरीएवढी.

म्हणजे 'शांत चालते' हे खोटं नाहीच. ज्याच्या आत दुसराच कोणीतरी राहतोय तो कशाला झटके देईल? आजारी जनावर जास्त पैसे घेऊन विकायची ही अक्कल कोणाची असेल त्याला नमस्कार.

बसणीपर्यंत सगळं ठीक होतं. बसणी म्हणजे खाडीच्या मध्यावरचा एक काळा उंच खडक, दोन्ही बाजूंनी पाणी खळाळत जातं. साधे खेकडे त्याला वळसा घालून जातात. आमचा थेट वर चढला आणि थांबला. माहूत म्हणाला, "ताई, पाच मिनिटं, दम घेतो तो." मी म्हटलं घेऊ दे. मग खालून हलायला लागलं. खेकडा पाय ताठ करून वर उठायचा, मग खाली बसायचा, परत वर, परत खाली, आणि मधूनच पोटाची झडप उघडून नांगीने पाणी ढवळायचा. मादी खेकडी पिल्लं सोडताना असंच करते, प्रवाहात उभं राहून पिल्लं वाहून जातील असं बघते. सॅक्युलायना लागलेला खेकडाही त्या परक्या अळ्यांसाठी हेच करतो. हे मी वाचलं होतं. वाचलेलं पाठीवर बसून बघावं लागेल असं वाटलं नव्हतं.

पाच मिनिटांचे पन्नास झाले, मग दीड तास. वर, खाली, वर, खाली. मावसभाऊ पहिल्या वीस मिनिटांत दोनदा ओकला, त्यानंतर "ताई मी उतरतो" म्हणायला लागला, कुठे उतरतो बाबा, चारी बाजूंनी पाणी. माहुताकडे अंकुश आहे, टोचला त्याने, खेकड्याने ढुंकून बघितलं नाही. हाकाटी केली, शिव्या दिल्या, शेवटी बिडीसारखं काहीतरी पेटवून गप्प बसला, म्हणजे त्याला हे रोजचंच होतं. मी विचारलं, "दादा, तुम्हाला माहीत होतं ना?" तर म्हणे, "सगळ्याच थांबतात हो, सीझन आहे." सीझन! आणि तेवढ्यात भरती लागली.

भरतीचं नीट सांगते कारण जीव त्यावर आहे. आपल्याकडे एकच चंद्र, ओहोटी संपल्यापासून पूर्ण भरती यायला साधारण ६ तास १२ मिनिटं, आणि रोजची भरती साधारण ५० मिनिटं उशिरा, एवढं पाठ असलं की भागतं. तिथे चंद्र दोन. थोरल्याचा हिशोब आपल्यासारखाच आहे पण धाकटा मधे लुडबुड करतो, त्यामुळे भरतीच्या वेळा रोज धक्क्यावर विचाराव्या लागतात, आणि दोन्ही चंद्र सूर्याच्या रेषेत आले की उधाण असं येतं की बसणी दिसतच नाही. एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी, पाणी एकसारखं चढत नाही. पहिल्या तासात वाटतं काही होत नाहीये, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात धावत येतं. आम्ही पहिल्या तासाच्या भरवशावर निवांत होतो. खेकडा हलला तेव्हा पाणी बैठकीच्या फळीला लागलं होतं आणि पुढचा सगळा रस्ता मांडीपर्यंत पाण्यात बसून काढला. दोन तासांचा प्रवास साडेपाच तासांचा झाला. त्यात एक सॅक गेली, जाऊ दे.

मला खरंच राग यायला हवा होता त्या खेकड्याचा, पण नाही आला. खाडीपलीकडच्या बेटावर पोचल्यावर तो खडकाच्या आडोशाला गेला आणि मागच्या पायाने पोटलीवरचं शेवाळ पुसत बसला, इतकं हळूच, की मावसभाऊ स्वतःची उलटी विसरून बघत राहिला. असो.

कसं ओळखायचं. माहूत पोट दाखवायला नाही म्हणाला तर तिथेच विषय संपला, दुसरा बघा. दाखवलं तर अंडी आणि पोटली यांत फरक आहे. अंडी दाणेदार असतात, द्राक्षाच्या घडासारखी लोंबतात, आधी नारिंगी आणि पिकत आली की काळपट होतात. पोटली गुळगुळीत, पिवळट, एकसंध, वर एक तोंड. मग पाठ बघा. कात टाकत नाही म्हटल्यावर पाठ जुनाट होत जाते, शेवाळ, बार्नकल, शिंपल्या सगळं चिकटलेलं. आमच्याच्या पाठीवर अख्खी बाग होती आणि मी मूर्खासारखी त्याचे फोटो काढले! पाय मोजा. तुटलेला पाय खेकड्याला कात टाकतानाच परत येतो, म्हणून एखादा छोटा, नव्याने फुटलेला पाय दिसला तर आनंदाने बसा, तो खेकडा धडधाकट आहे. नुसतंच थोटूक असेल तर विचार करा. पोटाच्या रुंदीवर जाऊ नका, निरोगी नराचं निमुळतं त्रिकोणी असतं खरं पण लागण झालेल्याचं पसरतं, तिथेच सगळे फसतात.

खाजेबद्दल. बसणीवर सुटलेल्या अळ्या पाण्यात असतात आणि त्यांना सांधा हवा असतो, त्यामुळे गुडघ्यामागे, कोपरात, बोटांच्या बेचक्यात शिरायला बघतात. माणसात त्यांचं काही होत नाही, कातडीतच मरतात, पण खाज सोडून जातात. आपल्याकडे तळ्यात पोहल्यावर पाणपक्ष्यांच्या जंतांच्या अळ्यांनी अशीच खाज येते. उपाय तोच, पाण्यातून बाहेर आल्या आल्या कोरड्या टॉवेलने खसाखसा पुसा, अंगावरचं पाणी तसंच वाळू देऊ नका आणि नंतर खाजवू नका. बेटाच्या धक्क्यावर एक मावशी हिरवा लेप विकते, ५ शिंपले, घेऊ नका. मी घेतला. खाज तशीच आहे आणि पाय हिरवे आहेत.

बेटावरचे तीन दिवस मस्त गेले, हवा छान, जेवण छान, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

परत येताना मी पोटं बघत बघत सात खेकडे नाकारले, माहूत लोक हसत होते, हसू देत. आठवी एक तापट मादी होती, ८ शिंपलेवाली, चढताना तिने मावसभावाच्या बुटाची टाच तोडली आणि मी म्हटलं हीच. पाठ लख्ख, डाव्या बाजूला एक नवा बारका पाय. कुठेही न थांबता एक तास पन्नास मिनिटांत आणलं, झटके इतके दिले की दात वाजत होते, आणि मी सगळा वेळ हसत होते, आयुष्यात इतका चांगला प्रवास केला नसेल. तेव्हा रेट कमी, स्वभाव वाईट, असा खेकडा घ्या. बूट दोन जोड न्या.

बसणीला वळसा घालताना वर आमचाच खेकडा दिसला, ती पाठीवरची बाग लांबूनही ओळखू आली. चार जण बसले होते, एका बाईंनी छत्री धरली होती, आणि सगळे मिळून वर, खाली, वर, खाली. मी दोन्ही हात हलवून ओरडले की भरतीची वेळ झालीये. वारा उलटा होता. बाईंनी छत्री दुसऱ्या हातात घेतली आणि आम्हाला टाटा केला.