घट्ट म्हणजे नेमकं किती घट्ट?

माझ्या वर्कशॉपचं छप्पर स्टँडिंग सीमचं आहे. पत्र्यांच्या कडा उभ्या वळवून एकमेकींत दुमडलेल्या, वरून एकही स्क्रू दिसत नाही. त्यावर सोलर पॅनेल बसवायचे, तर भोक पाडणं म्हणजे गळतीला आवतण. म्हणून क्लॅम्प आणले. सीमला चिमटीत धरणारा अॅल्युमिनियमचा ठोकळा, आणि एका बाजूने पत्र्यावर दाबणारे दोन ग्रब स्क्रू, म्हणजे बिनडोक्याचे स्क्रू.

पहिला क्लॅम्प मी इम्पॅक्ट ड्रायव्हरने आवळला. दोन सेकंद टर्रर्र. हलवून पाहिला, जागचा हलेना. मी खूश! पण अंतर चुकलं होतं म्हणून तोच सोडवावा लागला, आणि बरंच झालं. स्क्रूचं टोक गोल असतं. त्याने पत्रा थोडा चेपायचा, फोडायचा नाही. माझ्या पत्र्याला मात्र खोल खळगा पडला होता, रंग उडाला होता आणि खळग्याच्या तळाशी केसाएवढी चीर होती. खिळ्याने भोक पाडलं असतं तर वेगळं काय झालं असतं?

मग खाली येऊन माहितीपत्रक उघडलं. (आधी वाचतो कोण?) धातू आणि पत्र्याची जाडी यांनुसार टॉर्कचे, म्हणजे स्क्रू आवळताना द्यायच्या पिळाचे, वेगवेगळे आकडे होते. माझ्या ०.६ मिमी स्टीलसाठी १३ न्यूटन मीटर. दुसऱ्या क्लॅम्पला हा आकडा चालेलच असं नाही. त्या दिवसापासून टॉर्क रेंच, ठरवलेला पीळ बसला की ‘टक्’ करणारा पाना. आणखी एक गोष्ट हातानेच शिकवली: दुसरा स्क्रू आवळला की पत्रा आणखी दबतो आणि पहिला किंचित सैल पडतो. त्यामुळे ‘टक्’ आवाज आला तरी पुन्हा पहिल्याकडे वळायचं.

जागेचा प्रश्न वेगळाच. सीमच्या पोटात लपलेल्या क्लिपा असतात, त्यांच्यावर पत्रा उन्हाने सरकतो. माझे पत्रे १२ मीटर लांब. तापमानात ५० अंशांचा फरक पडला तर स्टील सुमारे ७ मिमी वाढतं. क्लॅम्प नेमका क्लिपेवर आवळला, तर पत्रा तिथेच जखडला जातो. आतून पर्लिनच्या (क्लिपा ज्यांवर बसवलेल्या असतात त्या आडव्या तुळयांच्या) ओळी मोजल्या, क्लिपांच्या जागा छपरावर खडूने आखल्या आणि त्या टाळल्या. पेन्सिल मुद्दाम वापरली नाही. झिंक-अॅल्युमिनियमच्या मुलाम्याला ग्रॅफाइट खातं.

सकाळी दव वाळेपर्यंत वर पाय ठेवायचा नाही, हा नियम पहिल्याच घसरणीने घालून दिला. हार्नेसचा दोर मात्र क्लॅम्पलाच अडकवायचा मोह झाला होता. इतका घट्ट आहे, धरेल की! पण तो पॅनेलचं वजन आणि वाऱ्याची ओढ धरायला बनवलेला. पडणाऱ्या माणसाचा हिसका वेगळाच असतो. त्यासाठी प्रमाणित अँकर वेगळा घेतला. खर्च टोचला, पण या बाबतीत माझ्याशी वाद घालू नका.

चिरलेली जागा सीलंटने बंद केली, वर झिंकचा टचअप दिला आणि तो क्लॅम्प वीतभर पुढे बसवला. चार महिन्यांनी रेंच घेऊन पुन्हा वर गेलो. चाळीस क्लॅम्पांपैकी तिघांचे स्क्रू ‘टक्’ होण्याआधी जरा फिरले, बाकीचे जागचे हलले नाहीत.